रेकॉर्ड प्लेयर कशावर ठेवावा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील जुन्या ध्वनिमुद्रिका जपण्याविषयीच्या लेखात सुई, धूळ आणि स्पीकर यांची चर्चा होती. प्लेयर कशावर ठेवावा, हे मात्र त्यात आले नाही. ज्या नागमोडी खाचेतून सूर निघतो तिची वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागतात, त्यामुळे चालणाऱ्याच्या पावलाचा हादराही सुई गाण्यासोबत टिपते.

आर्वी तालुक्यातील आमच्या घराची माडी सागवानी तुळयांवर फळ्या टाकून केलेली आहे. तिथे कोणी चालले की सुई उडत असे. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून खाली फोम घातला, तर त्रास वाढलाच. सुईची दांडी आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळा, आपणहून डोलतात. प्लेयरच्या वजनाने २.५ मिलिमीटर दबणारा स्प्रिंगसारखा आधारही जवळपास १० हर्ट्झलाच डोलतो आणि नेमका तोच हादरा वाढवतो. हा डोल ५ हर्ट्झपर्यंत उतरवायचा, तर आधार १० मिलिमीटर आणि चारही कोपऱ्यांत सारखा दबला पाहिजे, जे फोमच्या तुकड्याला साधत नाही.

शेवटी विटांच्या जाड भिंतीतल्या फडताळात सागवानी फळी पक्की बसवली, गवंड्याच्या पाणसळीने सपाटी पाहिली आणि प्लेयर तिच्यावर ठेवला. आता माडीवर मुले धावली तरी सुई जागची हलत नाही. मात्र ज्या भिंतीच्या खिडकीत कूलर बसवला आहे, ती भिंत टाळावी, कारण उन्हाळाभर त्याच्या पंख्याची थरथर तिच्यात उतरते. मातीच्या भिंतीत ब्रॅकेट धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जमिनीवर पक्की बसवलेली शहाबादी फरशी असेल, तर न डुगडुगणारे जड टेबल पुरते. नुसता कडप्पा टिचकी मारली तरी वाजतो. तो जाड प्लायवुडवर चिकटवावा. ज्या प्लेयरच्या आतच स्प्रिंगा असतात, त्यांना हलकी पण ताठ फळी मानवते. स्पीकर मात्र प्लेयरच्या टेबलावर कधीही ठेवू नयेत, कारण त्यांचाच आवाज सुईत परत शिरून घुमू लागतो.

खर्च करण्यापूर्वी थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवावी, आवाज हळूहळू वाढवावा आणि कोणाला तरी खोलीत चालायला सांगावे. स्पीकरमधून धपधप ऐकू आली, तर हादरा जमिनीतून येत आहे.

आपला नम्र,
एक श्रोता, जि. वर्धा