पोर्ट बोटांनी शोधणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

माझ्या आईच्या छातीत बसवलेल्या केमोपोर्टमध्ये, म्हणजे केमोथेरपीचे औषध शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीत, तुम्ही पहिल्यांदा सुई घातलीत, त्या सकाळबद्दल मनापासून आभार मानायचे आहेत. त्याआधी एका ठिकाणी सुई पोर्टच्या कडेवरून घसरून बाजूच्या मांसात गेली होती आणि तेव्हापासून सुईचे नाव काढले तरी तिचे खांदे आखडत असत.

तुम्ही सुईचे पाकीट लगेच उघडले नाहीत. आईला पाठीवर झोपवून, मान दुसऱ्या बाजूला वळवायला सांगून, तुम्ही आधी नुसत्या बोटांनी पोर्ट चाचपलात. वजन वाढल्यामुळे तो कातडीखाली खोल गेला होता आणि वरच्या कडेला किंचित तिरकाही झाला होता, हे तुमच्याच लक्षात आले. म्हणूनच तुम्ही पाऊण इंची सुई बाजूला ठेवून एक इंची ह्युबर सुई मागवलीत. साध्या सुईने पोर्टच्या वरच्या सिलिकॉनच्या पडद्याचा तुकडा निघू शकतो, ह्युबर सुईचे वाकवलेले टोक तो कापत नाही, हे तुम्ही मला त्याच वेळी समजावलेत. कातडीवर लावलेले क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पूर्ण वाळू दिल्यावर, निर्जंतुक हातमोजे घातलेल्या तीन बोटांमध्ये पोर्ट घट्ट धरून, तुम्ही सुई कातडीला नव्हे तर त्या तिरक्या पडद्याला काटकोनात घातलीत आणि ती तळाला टेकल्यावरच थांबलात.

त्यानंतर सिरिंजमध्ये रक्त परत येते का, हे पाहिल्यावाचून तुम्ही औषध जोडले नाहीत, याचे मोल मला फार वाटते. डॉक्सोरुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूच्या ऊती जळतात. रक्त आल्यावर 10 मिलीच्या सिरिंजने सलाईन सोडताना तुमची नजर आईच्या चेहऱ्यावर आणि पोर्टभोवतीच्या कातडीवर, दोन्हीकडे होती.

जाताना तुम्ही तिची बोटे पोर्टच्या कडेवर ठेवून तिला तिरकेपणा ओळखायला शिकवलात आणि फाइलमध्ये सुईची लांबी व दिशा लिहून ठेवलीत. आता उपचार संपले आहेत, फक्त ठरावीक दिवसांनी पोर्ट फ्लश करावा, म्हणजे आत द्रव सोडून मोकळा ठेवावा लागतो. मागच्या वेळी तुम्ही नव्हता. आईने स्वतःच नव्या सिस्टरांना बोट ठेवून सांगितले, “इथे थोडा वर कलला आहे, फाइलमध्ये लिहिलंय बघा.” त्यांनी ती नोंद वाचली, पोर्ट चाचपला आणि सुई पहिल्याच प्रयत्नात बसली.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी