आई, गोळी घेतली का ते मला विचारू नकोस

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा लगेच "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहितेय. सगळं वाचून होईपर्यंत चिडू नका. तुम्हाला न विचारता मी आईच्या डॉक्टरांना फोन केला. चार दिवस गोळ्या बंद आहेत हे कळल्यावर रात्री झोपच लागेना, मग काय करणार होते मी! तर सर्ट्रालीन, म्हणजे आईची ओसीडीवरची (तीच शंका परत परत येऊन तेच तेच तपासत राहण्याच्या आजारावरची) गोळी, बंद करायची नाहीये. ते म्हणाले आजपासून परत सुरू करा, ते सांगतील त्याच डोसने, अर्धी-पाव स्वतःच्या मनाने नाही.

मुळात चूक माझी आहे. त्या मंगळवारी आईचा तिसरा फोन आला, "मी गोळी घेतली का गं?", मी मीटिंगच्या दारात उभी, आणि म्हणाले "नसशील घेतली, घेऊन टाक." मला इथून काय दिसत होतं? काहीच नाही, तरी बोलून मोकळी झाले. तू दुसऱ्यांदा घेतलीस. मग दिवसभर मळमळ, हात थरथरतायत, रात्रभर टक्क जागी. तेवढ्यावर निभावलं, पण ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. सॉरी आई.

आणि मग त्या भीतीने तू गोळ्याच सोडल्यास. चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं, उगाच चिडचिड. बाबा, तुम्ही म्हणालात या गोळ्यांनीच वाट लावली. उलटं होतं ते, गोळी एकदम थांबवल्याचा तो त्रास होता. म्हणून बंद करायचीच झाली तर डॉक्टर आठवड्या-महिन्यांत हळूहळू कमी करतात, आणि तेही बरं वाटायला लागल्यावर निदान वर्षभर तरी चालू ठेवून मग. याला व्यसन म्हणत नाहीत. तलफ येत नाही, तोच परिणाम मिळवायला डोस वाढवत न्यावा लागत नाही, पण शरीराला सवय झालेली असते म्हणून पायरी पायरीने उतरायचं एवढंच.

आईच्या डोसचा १५० मिलिग्रॅम हा आकडा बघून तुम्ही घाबरलात तेही मला कळतं. मावशीचं ५० वर भागतं, पण तिचं डिप्रेशन आहे. ओसीडीला बरेचदा जास्त लागतो, २०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. आईचे अकरा होत आले होते गं! तूच सांगितलंस ना की परवा कडी लागलीये का बघायला दाराशी एकदाच जाऊन झोपलीस. एकदाच! मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते त्या दिवशी.

मला ती रात्रीची दाराची कडी अजून ऐकू येते. तू बोटाने तीनदा टकटक करायचीस, निघायचीस, परत यायचीस, आणि मी पांघरुणातूनच ओरडायचे "लागलीये गं आई, मी बघितली." बघितलेली नसायचीच. सात वर्षांची होते, तू लवकर येऊन माझ्या शेजारी झोपावंस एवढंच हवं असायचं. आता डॉक्टर म्हणतात की घरच्यांनी असं "लागलीये, लागलीये" म्हणत राहिलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि शंका मात्र आणखी मोठी होते. मंगळवारी मी तेच केलं. तू विसरायला लागली नाहीयेस आई, म्हातारपणही नाहीये हे, जी शंका कडीला चिकटायची तीच आता गोळीला चिकटलीये. म्हणून यापुढे मला विचारलंस तर मी उत्तर देणार नाही. रागावून नाही. फोन मात्र कधीही कर, बाकी कशावरही बोलू.

त्याऐवजी सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा पाठवलाय, वारांची अक्षरं मोठी आहेत, चष्म्याशिवाय दिसतील, झाकण तुझ्या बोटांना उघडेल इतकं सैल बघून घेतलंय. बाबा, दर रविवारी तुम्ही भरायचा. आई, तू स्ट्रिप मोजायच्या नाहीत, त्या बाबांच्या कपाटात. सकाळी नाश्त्यानंतर त्या वाराचा कप्पा उघडायचा, गोळी घ्यायची, झाकण उघडंच ठेवायचं. शंका आली तर कप्प्याकडे एकदा बघायचं. रिकामा म्हणजे घेतली. आणि कधी काहीच कळेनासं झालं तर डॉक्टरांनी सांगितलंय, त्या दिवशी घेऊ नका, उद्याची उद्या. चुकलेल्याची भरपाई म्हणून दोन कधीच नाही.

आता बाबा, हे तुमच्यासाठी, आणि प्लीज "हो हो" म्हणून सोडू नका. गुडघा दुखला की आई ती पेनकिलर घेते ना, आयबुप्रोफेन, ती या गोळीबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, तर ती विचारल्याशिवाय द्यायची नाही, काळी शौच झाली तर लगेच दवाखाना. ट्रॅमाडॉल (तीही पेनकिलरच, जास्त जोरदार) आणि खोकल्याची औषधंसुद्धा मनाने नाहीत, कुठल्याही नव्या डॉक्टरांना आधी सर्ट्रालीन चालू आहे हे सांगायचं. शिवाय तिची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे, या वयात दोन्ही मिळून रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून पुढच्या आठवड्यात रक्ततपासणी ठरवलीये. त्याआधी ती गोंधळल्यासारखी बोलली, तोल गेला, किंवा ताप, खूप घाम, अंग ताठ आणि थरथर असं काही एकत्र दिसलं तर माझ्या फोनची वाट बघू नका, थेट न्या. घाबरवत नाहीये, बहुतेक काही होणार नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मी तिथे नाही म्हणून हुकूम सोडते असं वाटलं तर वाटू दे. मला तुम्ही दोघं हवे आहात.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. बाबा डबा भरतील, आणि आई, तू तेव्हा तिकडे न बघता माझ्याशी बोलत बस.

तुमची,
छकुली