उपशामक सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावर नवे औषध आले की आपल्या वृत्तपत्रात त्याची सविस्तर बातमी येते, आणि ती यायलाच हवी. पण ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्या रुग्णांचे पुढचे महिने कसे जातात, याबद्दल क्वचितच वाचायला मिळते. मी उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना नि इतर त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये, परिचारिका आहे. रुग्णांच्या घरी जाऊन काम करते, म्हणून हे पत्र.

आम्हाला बोलावणे येते ते बहुधा फार उशिरा, "आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या" असे ऐकून झाल्यावर. मध्यंतरी अशाच एका बाईंकडे गेले. कर्करोग हाडांत पसरलेला. कूस बदलताना त्या कळवळत, म्हणून मुलगी त्यांना हलवतच नव्हती. माकडहाडापाशी जखम झाली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मात्र कपाटात तशाच पडून. "सिस्टर, सवय लागेल ना? आणि मॉर्फिन दिले की माणूस जातो म्हणतात," मुलगी म्हणाली.

ही भीती मला घरोघरी भेटते. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा. योग्य मात्रेत सुरू करून गरजेप्रमाणे वाढवत नेले, तर त्याने मृत्यूही लवकर येत नाही. साध्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायच्या. दुखणे असह्य होण्याची वाट पाहायची नाही. सुरुवातीची मळमळ नि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता तेवढी राहते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत हवे. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची पायरी-पायरीची पद्धत १९८६ मध्येच जगापुढे ठेवली. हाडांच्या दुखण्यावर रेडिएशनची एकच मात्राही पुष्कळांना आराम देते.

त्या बाईंच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली, आणि कूस बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एक जादा मात्रा द्यायलाही सांगितले. काही दिवसांत मुलगी आईला कुशीवर वळवून तिची पाठ पुसू लागली. आईला रात्रीची झोप लागू लागली, म्हणजे मुलीलाही.

मग दुसरी काळजी सुरू झाली, खाण्याची. "काही खात नाही, सलाईन तरी लावा." माया करायची ती घास भरवून, त्यामुळे ही तगमग मला समजते. पण माणूस खात नाही म्हणून जात नसतो. आजार शेवटाला आलेला असतो म्हणून भूक जाते. बळेच भरवलेला घास घशात अडकतो. अगदी शेवटच्या दिवसांत शिरेतून दिलेले पाणी शरीराला पेलतेच असे नाही; कधी अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. त्यापेक्षा ओल्या बोळ्याने तोंड आतून पुसावे, ओठांना मलम लावावे, मागितले तर चमचाभर पाणी द्यावे. हे नातेवाइकांना कोणीतरी शेजारी बसून, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नाहीतर "आम्ही तिला उपाशी ठेवले" हा सल त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचे सेवाकेंद्र, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉंडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, नंतर डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरच्या जबाबदाऱ्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. म्हणूनच आमच्या भेटीत निम्मा वेळ घरच्यांसाठी जातो: रात्री कोण जागणार, मुलांना काय सांगायचे, कोणत्या कागदावर सही राहिली आहे.

हे सारे लवकर सुरू करावे, याला भक्कम आधार आहे. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर उपशामक सेवा मिळालेल्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, नैराश्य कमी राहिले, आणि त्यांचे सरासरी आयुष्यही जास्त भरले: साधारण साडेअकरा महिने, इतरांचे नऊच्या आत. म्हणजे केमोथेरपी सोडल्यावरच आम्हाला बोलवायचे असते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही एकत्र चालतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ज्यांना या सेवेची गरज आहे, त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते.

रुग्णांच्या नातेवाइकांना माझे सांगणे आहे की, आजार पसरल्याचे कळेल त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "उपशामक सेवेच्या डॉक्टरांची गाठ कधी घालून देता?" आणि आपणास विनंती, की नव्या औषधाच्या बातमीशेजारी ही सेवा कुठे, कशी मिळते याचीही माहिती नियमित छापावी.

आपली,
उपशामक सेवेतील एक परिचारिका