सर्व्हर बंद असतो, तेव्हाही काम चालू असतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरी दुपारचे साडेचार वाजत आले की मुलगा म्हणतो, "आई, डीटी आलं, जहाज डॉक करून घेतो." डीटी म्हणजे डाउनटाइम. तो 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ खेळतो. आइसलँडमधल्या कंपनीचा हा खेळ २००३ पासून चालू आहे आणि चीन सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात. तो सर्व्हर रोज ठरलेल्या वेळी थोडा वेळ बंद होतो. परवा मुलाचा मित्र चिडून म्हणाला, "काकू, पैसे भरतो ना आम्ही? मग रोज बंद कशाला?"

एका सहकारी बँकेत मी एकोणीस वर्षं डेटाबेस सांभाळला, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथेही लिहिते.

बाजारातली प्रत्येक ऑर्डर, फुटलेलं प्रत्येक जहाज, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली प्रत्येक वस्तू, सगळ्याची नोंद डेटाबेसमध्ये होते. नोंदी सतत येतात, बदलतात, पुसल्या जातात. पुस्तकाच्या शेवटी विषयसूची असते तसा डेटाबेसलाही इंडेक्स असतो. पुस्तकात रोज हजारो पानं घुसवली आणि फाडली तर सूचीचं जे होईल तेच त्याचं होतं. मग साधी नोंद शोधायलाही वेळ लागतो आणि खेळणारा म्हणतो, लॅग येतोय, म्हणजे खेळ अडखळतोय. इंडेक्स नव्याने बांधणं, नोंदी एकमेकींशी जुळतात का ते तपासणं, टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, नवा रकाना घालणं, यातलं बरंचसं काम चालू डेटाबेसवरही करता येतं. पण त्या वेळी टेबलाला कुलूप लागलं, म्हणजे काम संपेपर्यंत ते इतरांना वापरता आलं नाही, तर मागची सगळी रांग अडते.

ती रांग मी डोळ्यांनी पाहिली आहे. महिन्याची पहिली तारीख होती, पेन्शनचा दिवस. "दोन मिनिटांचं काम आहे" असं म्हणत वरिष्ठांनी भर दुपारी मोठ्या टेबलाचा इंडेक्स बांधायला लावला. टेबल अडकलं आणि सगळ्या शाखांचे काउंटर थांबले. हातात पासबुक धरून उभे असलेले आजोबा मला अजून आठवतात. आदल्या रात्री सूचना देऊन तासभर बंद ठेवलं असतं तर कुणालाही उभं राहावं लागलं नसतं.

म्हणूनच मला ईव्हची वेळ शहाणपणाची वाटते. आपल्याकडे साडेचार वाजतात तेव्हा अमेरिकेत पहाट असते, युरोपात कामाची वेळ असते आणि आइसलँडमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात. काही बिघडलंच तर ते दुरुस्त करणारी माणसं तिथे जागी असतात. आम्ही मात्र रात्री दोनला हे काम करायचो, डोळे चोळत. पूर्वी ईव्हचा डाउनटाइम तासाभराचा असे, आता काही मिनिटांत आटोपतो. ५ डिसेंबर २०१९ रोजी कंपनीने तो मुद्दाम वगळून सर्व्हर चालवून पाहिला, तो न घेतल्यास नेमकं काय अडतं हे कळावं म्हणून. खेळाडूंनी खणून संपवलेले लघुग्रहांचे पट्टेसुद्धा या डाउनटाइमलाच पुन्हा भरतात, म्हणजे खेळाची घडीच त्या वेळेवर बसलेली आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या ऑनलाइन खेळातही अमेरिकेत मंगळवार देखभालीचा ठरलेला आहे. गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून बुधवारी बादल्या भरणाऱ्या आम्हा पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको.

राग यावा तो न सांगता बंद करणाऱ्यांचा, आणि तासाभराचे पाच तास झाले तरी गप्प बसणाऱ्यांचा. कंपन्यांना माझी विनंती आहे की नुसतं 'देखभाल चालू आहे' एवढंच लिहू नका. आज इंडेक्स बांधला, आज टेबल बदललं, असं दोन ओळींत सांगा. मुलांना ते कळतं. त्या मित्राने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, पण बॅकअप नीट झालाय हे कसं कळतं?" मी म्हटलं, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचा, आणि दर वेळी पाहायचा. पुढच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन येणार आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे