आयत्या बिळावरचा नागोबा मी होतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचे पत्र आले आहे. ब्लॅक सॅबाथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडला मानवंदना म्हणून इतरांनी काढलेल्या अल्बमांना त्यांनी 'आयत्या बिळावरचे नागोबा' म्हटले आहे. गाणी एकाची, गल्ला दुसऱ्याचा, अशी त्यांची तक्रार. वाचून हसू आले आणि थोडी लाजही वाटली. कारण या प्रकरणात खरा नागोबा कोणी असेल, तर तो मी.

म्हापशाच्या बाजारात माझा कॅसेटचा गाळा होता. दर्शनी बाजूला नाट्यगीते, भजने, कोंकणी तियात्रांची कांतारां, म्हणजे गाणी. आत डबल डेक आणि कोऱ्या कॅसेटचे खोके. पोरे जे आणतील ते भरून द्यायचो. ही चोरीच होती, फक्त आम्ही तिला चोरी म्हणत नव्हतो. एका शुक्रवारी हणजुण्याहून आलेल्या एका गोऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा तो एक कॅसेट ठेवून गेला. 'नेटिव्हिटी इन ब्लॅक'. १९९४ साली निघालेला हाच तो मानवंदनेचा अल्बम.

मला त्यातले काय कळणार! वर ब्लॅक सॅबाथचे नाव दिसले, गाणी त्यांचीच दिसली. नव्वदच्या कॅसेटवर उतरवून घेतले, आतल्या कागदावर फक्त गाण्यांची नावे लिहिली आणि एका कॉलेजच्या पोराला विकले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दारात. "अंकल, हो ओझी न्हय मरे!" ओझी म्हणजे सॅबाथचा मूळ गायक. पैसे परत दिले. आठवड्याने तोच पुन्हा आला, तीच कॅसेट मागायला. "यावेळी कोणाचा आवाज तेही लिहा," म्हणाला. मग मीही नीट कान देऊन ऐकली.

टाइप ओ निगेटिव्ह या ब्रुकलिनच्या मंडळींनी सॅबाथचे मुळातच संथ असलेले गाणे असे काही खेचले आहे की मढे उचलून चालल्यासारखे वाटते. मेगाडेथ आपल्या घाईत. ब्राझीलच्या सेपुल्तुराचा दणदणाट वेगळाच. शेजारच्या गाळ्यातल्या, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने हे नाव वाचले आणि क्रूसाची खूण केली. "सेपुल्तुरा म्हणजे फोंड, मढे पुरायचा. हे तू दुकानात वाजवतोस?" आवाज कमी केला, पण कॅसेट बंद केली नाही.

आता गल्ल्याचे. दुसऱ्याचे गाणे रीतसर गाऊन अल्बम काढला, तर ते रचणाऱ्याला त्याची रॉयल्टी जाते. माझ्या डबल डेकवरून कोणाला छदामही गेला नाही. शिवाय या पंगतीत घरचेही जेवायला बसले आहेत. एका गाण्यात मूळ बँडचे गीझर बटलर आणि बिल वॉर्ड स्वतः वाजवतात आणि गातो जुडास प्रीस्ट या बँडचा रॉब हॅलफर्ड. 'आयर्न मॅन'मध्ये थेरपी या बँडबरोबर खुद्द ओझी आहे. अल्बमचे नावदेखील गंमतीचे. 'एन आय बी' हे सॅबाथचे जुने गाणे. बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबासारखी दिसायची, म्हणून ते नाव. लोकांनी त्या तीन अक्षरांची भलतीच फोड केली, 'नेटिव्हिटी इन ब्लॅक', आणि पुढे तीच अल्बमच्या कपाळी लागली.

पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा असा, की गायचेच तर मुळाबरहुकूम गा. इथे माझे त्यांच्याशी जमत नाही. सॅबाथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या, पुढे गिटारचे सूरही उतरवले. तो जड, खर्जातला आवाज घडला तो असा. दहाही बोटे शाबूत असलेल्याने त्याची बरहुकूम नक्कल करून काय मिळवायचे?

हे मला इतके झोंबते त्याला घरचे कारण आहे. माझी भाची एका नाट्यगीत स्पर्धेत 'मानापमान'मधले 'चंद्रिका ही जणू' गायली. गळा बारीक, पण स्वच्छ. तिला पेलतील तेवढ्याच ताना तिने घेतल्या. परीक्षक म्हणाले, "दीनानाथांच्या रेकॉर्डमधली ती जागा सुटली." बक्षीस मिळाले त्या मुलाने रेकॉर्ड जशीच्या तशी उतरवली होती, माझ्या डबल डेकसारखी. अहो, 'मानापमान' १९११चे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्या पदांना दीनानाथांनी आपला आक्रमक ढंग दिला, म्हणून तर मंगेशीचे नाव निघाले. वसंतराव देशपांडे दीनानाथांना मानत, पण गाताना कोणी त्यांना दीनानाथ समजेल का?

मानवंदनेच्या नावाखाली भरताडही पुष्कळ निघते, हे कबूल. मेटॅलिका या बँडच्या 'ब्लॅक अल्बम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्बमला तीस वर्षे झाली तेव्हा, २०२१ साली, ५३ कलाकारांनी त्यातली बारा गाणी पुन्हा केली. पैसा धर्मादायाला गेला हे चांगलेच; पण एकच गाणे दहा-बारा वेळा म्हणजे रोज तीच आमटी. तरी त्यात आपल्याकडच्या विशाल दादलानी, डिव्हाइन आणि शोर पोलीस यांनी मिळून केलेले 'द अनफर्गिव्हन' आहे. भाचीने मोबाइलवर ऐकवले, तेव्हा मी दोनदा लावायला लावले.

पत्रलेखकांची इच्छा असेल तर त्यांनी यावे. गोऱ्याची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. डेकही चालतो, फक्त बी बाजूला टेप थोडी चावली आहे. येताना पेन्सिल आणावी.

आपला,
एक जुना कॅसेटवाला
म्हापसा, बार्देश