आमच्याकडची नाकारलेली पोर दुसऱ्या संघात जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय बास्केटबॉलच्या जिल्हा संघाबद्दल एका पालकांचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलेत. दहावीतली, तीन वर्षे गाजवलेली मुलगी राखीव यादीत आणि आठवीतली नवखी मुलगी बारा जणींत, हे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे, असे त्यांचे म्हणणे. निवड समितीशी माझा संबंध नाही. पण माझी सगळी नोकरी शारीरिक शिक्षणात गेली, निवृत्तीनंतरही सकाळी मी मैदानावरच असते आणि या दोन्ही मुलींना खेळताना जवळून पाहिले आहे. म्हणून लिहिते.

त्या पालकांनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतल्या क्लीव्हलँड संघाचा दाखला दिला आहे आणि तो अगदी बरोबर आहे. 2014 साली क्लीव्हलँडने त्या वर्षी नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेला 19 वर्षांचा अँड्र्यू विगिन्स देऊन टाकला आणि नाव कमावलेला केविन लव्ह आणला. दोन वर्षांनी सात सामन्यांच्या अंतिम फेरीत 3-1 ने मागे पडूनही ते जिंकले. सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात लव्हसमोर गोल्डन स्टेट या प्रतिस्पर्धी संघाचा, लांबून तीन गुणांचे फटके मारण्यात तरबेज स्टीफन करी आला. एवढा धिप्पाड गडी, पण पाय हलते ठेवून त्याने करीला मोकळा तीनचा फटका मारू दिला नाही. आमच्या मुलींना बचाव शिकवताना मी तो तुकडा मोबाइलवर पुन्हा पुन्हा दाखवते. पण क्लीव्हलँडकडे तेव्हा 29 वर्षांचा अव्वल खेळाडू लेब्रॉन जेम्स नुकताच परतला होता. त्यांना त्याच दोन-चार वर्षांत जिंकायचे होते, विगिन्स मोठा होईपर्यंत थांबायला त्यांच्यापाशी वेळच नव्हता.

2019 मध्ये हाच हिशेब लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाने केला. पॉल जॉर्ज तेव्हा 29 वर्षांचा, त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आलेला. त्याच्यासाठी त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर हा 20 वर्षांचा पोरगा आणि नवोदितांच्या पुढच्या निवडींचे हक्क ओक्लाहोमा संघाला दिले. क्लिपर्सना विजेतेपद काही मिळाले नाही. ओक्लाहोमा 2025 मध्ये जिंकले. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू शे, अंतिम फेरीचाही तोच, आणि त्याच्या जोडीचा जॅलन विल्यम्स क्लिपर्सनी दिलेल्या हक्कांपैकीच एकातून आलेला.

शेची गुणवत्ता लपून राहिली होती, असे कुणी म्हणू नये. पदार्पणाच्याच हंगामात तो क्लिपर्सकडून सर्वच्या सर्व 82 सामने खेळला होता आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, गोल्डन स्टेटसमोरही उभा राहिला होता. लुका डॉन्चिचचेही तसेच. 2018 च्या नवोदितांच्या निवडीत त्याच्या आधी दोन संघांनी दोन उंच मुले घेतली. लुका तेव्हा 19 वर्षांचा होता आणि स्पेनच्या रेआल माद्रिदकडून थोराड पुरुषांत खेळून युरोलीग या युरोपातल्या क्लब स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. पुरावा समोर होता, पण पाहणाऱ्यांची नजर उंचीवर होती. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत त्याच्या डॅलस संघाने याच लुकाला 25 व्या वर्षी सोडून 31 वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि हा सौदा करणाऱ्या व्यवस्थापकाची नोव्हेंबरात नोकरी गेली. आमच्या मैदानावरची कॉलेजची मुले पहाटे उठून हे सामने मोबाइलवर पाहतात आणि या सौद्यावरून अजून हमरीतुमरीवर येतात.

मला आठवीतल्या त्या पोरीबद्दल बोलायचे आहे. ती फार उंच नाही. निवडीच्या दिवशी भिंतीला उभे करून उंची मोजली, जागेवरून उडी मारायला लावली, प्रत्येकीला ठरावीक फ्री थ्रो दिले. या तिन्हीत ती मधोमध राहिली. शेवटी थोडा वेळ सामना खेळवला, त्यात काय झाले ते मी कडेला उभी राहून पाहिले. तिच्याच हातून चेंडू सुटला. अशा वेळी दहा पोरींतल्या नऊ जणी डोक्याला हात लावतात किंवा पंचांकडे बघतात. ही दुसऱ्या क्षणाला वळली आणि आपल्या रिंगकडे धावत सुटली. पुढे गेलेल्या मुलीच्या डाव्या बाजूने तिला गाठले आणि हात न लावता नुसते अंगाने कोपऱ्याकडे ढकलत नेले. त्या मुलीला लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन सोपा गोल, मारता आला नाही, चेंडू मागे द्यावा लागला. हे तिला कुणी शिकवलेले नाही. दहा खेळाडू कुठे आहेत हे तिला न बघता कळते. निवड समितीतल्या ज्या कुणी ते टिपले, त्यांचे मला कौतुक वाटते, कारण हा गुण उंची मोजायच्या पट्टीत सापडत नाही.

उंचीचे एक पालकांनी समजून घ्यावे. मुलींची उंची अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते आणि बहुतेकींची चौदा-पंधराव्या वर्षी जवळजवळ थांबते. चौदा वर्षांखालच्या गटात जी सगळ्यांच्या डोक्यावरून रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, काढते, ती कित्येकदा फक्त लवकर वाढलेली असते. जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात खेळतात, तेव्हा तर जवळपास वर्षाचा फरक. पुढे बाकीच्या तिच्याएवढ्या झाल्या, की तिच्या खेळात दुसरे काहीच उरत नाही. दहावीतली ही मुलगी मात्र त्यातली नव्हे, तिचा हात खरोखर चांगला आहे. पंधरा फुटांवरून ती बोर्डाला न लावता चेंडू टाकते, सरावात मी बोलवायच्या आधी हजर असते आणि हरल्यावर लहान पोरींना जवळ घेऊन बसते. तिच्या वडिलांना वाईट वाटणे मी समजू शकते. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ते जाण्याची भीती तर प्रत्येक घरात असते. पण त्या गुणांसाठी संघ निवडू लागलो, तर दरवर्षी बारा जागा दहावी-बारावीच्याच मुलींनी भरतील आणि विभागीय स्पर्धेत कोल्हापूर-सांगलीच्या मुलींसमोर आपण दरवर्षी नव्याने उभे राहू.

मार्चमध्ये दहावी झाली, की आमच्या चांगल्या मुली पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला शिकायला जातात. मोठ्या शहरात गेलेली मुलगी तिथल्या कॉलेजकडून खेळू शकते, खेळावे असे मला मनापासून वाटते. पण रत्नागिरीच्या संघाला तिचे हातात राहिलेले महिने मोजकेच. विजेतेपदाला एकच खेळाडू कमी पडत असता, तर मीही तिलाच घ्या म्हटले असते. आपला संघ आज तिथे नाही. गेल्या दोन्ही वर्षी विभागात पहिल्याच फेरीत आपण मोठ्या फरकाने हरलो.

अमेरिकेचा दाखला आपल्याला जिथे लागू पडत नाही, ती जागा वेगळी आहे. विगिन्सला क्लीव्हलँडने सोडले, तर तो मिनेसोटाकडून खेळला आणि पुढच्या वर्षी नवोदितांत सर्वोत्तम ठरला. शेला क्लिपर्सनी सोडले, तर ओक्लाहोमाने त्याला सांभाळले. तिथे नाकारलेल्या पोराला दुसरा संघ असतो. आमच्याकडची पोर घरी जाते.

आठवीतली ही मुलगी मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराजवळ राहते. वडील बोटीवर खलाशी, आई जेटीवर मासळी विकते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तिला मोकळीक असते, पण नेमके तेव्हाच पावसाने सिमेंटच्या मैदानावर शेवाळ धरते आणि आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात ड्रिबलिंग करून भागवावे लागते. ऑगस्टमध्ये मैदान घासूनपुसून खेळण्याजोगे करावे, तर बोटी समुद्रात जातात, आई पहाटे जेटीवर आणि धाकट्या भावाला शाळेत पोहोचवायचे काम हिच्याकडे. तरी ती येते, उशिरा येते, पण येते. निवडीच्या आधी तिची आई मला म्हणाली, “बाई, पोरीला नुसतं टाळ्या वाजवायला न्यायची असेल तर नको. खेळवणार असाल तर मी भावाचं बघते.” त्या बाईंनी आपली पहाटेची विक्री सोडायची तयारी दाखवली होती. यंदा नाव नसते, तर पुढच्या वर्षी त्यांनी ती दाखवली नसती, आणि नववीतली मुलगी घरकामातून मैदानावर परत आलेली मी फारशी पाहिलेली नाही.

तेव्हा एकच जागा उरली असेल, तर ती हिलाच, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घेतले आहे तर तिला खेळवा. सामना हातचा गेल्यावर शेवटची दोन मिनिटे उतरवणे म्हणजे खेळवणे नव्हे. दुसऱ्या क्वार्टरमध्ये, गुण बरोबरीत असताना, समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ मुलीवर तिला सोडा. चुका होतील, त्या आताच होऊ द्या. आणि दहावीतल्या मुलीला राखीव म्हणून नुसते यादीत ठेवू नका, सराव शिबिराला पूर्ण दिवस बोलवा. फ्री थ्रोच्या वेळी पाय कसे ठेवायचे ते आठवीतल्या पोरीला तिच्याइतके चांगले कुणी दाखवू शकणार नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. निवडलेल्या संघाची नावे आपण दरवर्षी छापता, यापुढे प्रत्येक नावापुढे इयत्ताही छापा. बारा जणींत किती जणी पुढच्या वर्षी याच जिल्ह्यात खेळायला असतील, हे मग प्रत्येक पालकाला आणि निवड समितीलाही एका नजरेत दिसेल. दोन्ही मुली चटकन ओळखू येतील, म्हणून माझे नाव कृपया छापू नये.

एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, रत्नागिरी