कोच, तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत

कोच,

तुम्हाला इंग्रजीत सांगायचं ते त्या दिवशी सांगून झालं. हे मराठीत लिहितेय ते आमच्या माणसांना तुमच्याबद्दल कळावं म्हणून.

आमचं मोटेल अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान गावात आहे. या धंद्यात गुजराती मंडळी जास्त, आम्ही साताऱ्याचे. गावात आइस हॉकीची रिंक आहे. तिथे हिरवं टर्फ अंथरून अमेरिकन फुटबॉलचा इनडोअर प्रकार, अरीना फुटबॉल खेळतात: मैदान निम्मं, 50 यार्डांचं, अकराऐवजी आठ खेळाडू, कडेला गाद्या लावलेले कठडे. जिम फॉस्टर यांनी 1981 मध्ये इनडोअर सॉकर बघता बघता एका लिफाफ्यावर याचा आराखडा काढला आणि 1987 मध्ये अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. किराणा दुकानात रात्री माल लावणारा कर्ट वॉर्नर पुढे आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघाकडून हाच खेळ खेळला आणि नंतर त्याने सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा सर्वात मोठा अंतिम सामना जिंकला. त्या एका नावाच्या भरवशावर पोरं अजून सामन्यामागे दोन-अडीचशे डॉलरवर खेळायला येतात. सामन्याच्या रात्री गुडघे शेकायला आमचं आइस मशीन रिकामं करतात. सकाळी चादरींवर टर्फने सोललेल्या कोपरांचे डाग.

तुमच्या आधीही एक संघ आमच्याकडे उतरला होता. मालक सूटबुटात, तोंडात साखर. अर्ध्या सीझनमध्ये पगार थकले, साहेबांचा फोन बंद. संघ बुडाल्याचं आम्हाला टीव्हीवर कळलं! बिल तर गेलंच, पण परक्या गावात अडकलेल्या पोरांकडे बसभाडंही नव्हतं. म्हणून तुम्ही आलात तेव्हा आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

तुमचाही संघ बुडाला. रिंकचं भाडं, खेळाडूंचा विमा, बसचा खर्च, एवढं सगळं आमच्या गावाच्या तिकीटविक्रीत भागतंय कुठे? 2024 मध्ये गाजावाजा करून पुन्हा सुरू झालेल्या अरीना फुटबॉल लीगमध्ये 16 संघ होते. त्यातले कित्येक महिन्याभरातच गळाले.

पण त्या सकाळी तुम्ही फ्रंट डेस्कवर आलात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. “मॅम, मालकांनी हात वर केलेत. बातमीत कळण्याआधी तुम्हाला मी सांगायला हवं.” मग रबरबँड लावलेली सगळी की-कार्डं काउंटरवर ठेवलीत. मागून तुमची धिप्पाड पोरं चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन लाँड्रीकडे निघालेली. कुणी सांगितलं होतं त्यांना? तुम्हीच, दुसरं कोण.

बिलाचं पुढे काय झालं तो आपल्यातला हिशेब. धंद्यात पैसे बुडतात, त्याची सवय झालीय. लोक तोंड चुकवतात ते मात्र जिव्हारी लागतं. तुम्ही तर बुडवणारेही नव्हतात. तुमचाच पगार थकला होता. तरी तुम्ही आमच्यासमोर येऊन उभे राहिलात. अशी माणसं प्रत्येक गावात दोन-चार असली तरी पुष्कळ. आमच्या आबांची उधारीची वही असल्याच माणसांच्या जिवावर चालली.

मनापासून आभार, कोच.

आणि हो, तुमच्या त्या उंच खेळाडूचे बूट खोलीत राहिलेत. त्याचा पत्ता कळवा, पार्सल करते.